सिडको-हडकोत राहायला येताय? मग आधी हौद बघा

१९९७ साली लग्न होऊन परभणीहून मी या शहरात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आले. सासरचा पत्ता होता ‘एन-९, एम-२’ आणि पुढे घराचा नंबर. तिसऱ्या दिवशी दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि परत येताना घरच सापडेना. एका ओळीत सगळी घरं सारखी. तेच दार, तीच खिडकी, तोच पिवळा चुना. अंदाजाने एका दारात शिरले, तर आत अनोळखी काकू तांदूळ निवडत बसलेल्या. त्या हसल्या, चहा ठेवला आणि विचारलं, “कुठलं गाव तुझं?” नाव नंतर विचारलं. मग स्वतः घरापर्यंत आणून सोडलं. सासूबाईंना म्हणाल्या, “सूनबाई हरवल्या होत्या, सांभाळा.”

हा भाग असाच आहे. आधी नंबर पडले, माणसं मागून आली. नव्याने राहायला येणाऱ्यांना आमच्यासारखं चाचपडायला लागू नये म्हणून हे लिहिते आहे. नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा बदली होऊन छत्रपती संभाजीनगरात येताय आणि सिडको-हडको या सरकारने आखून वसवलेल्या भागात घर शोधताय, असं धरून चालते.

पहिलं काम : पत्ता वाचायला शिका

इथे पत्ता मागून पुढे वाचायचा नाही, पुढून मागे वाचायचा. आधी ‘एन’चा आकडा, म्हणजे सिडकोने पाडलेला विभाग, मग अक्षर किंवा अक्षर-आकडा, मग घर. ‘एन-११, सी सेक्टर’ म्हणजे अकराव्या एनमधला सी भाग. आकडे ओळीने असतील असं मात्र समजू नका. एन-१ च्या शेजारी एन-२ असेल असं धरून निघालात, तर मध्ये जालना रोड आडवा येतो. एन-१ रस्त्याच्या उत्तरेला, एन-२ दक्षिणेला. एन-३ आणि एन-४ सुद्धा दक्षिणेलाच. रिक्षावाल्याला नुसतं ‘सिडको’ सांगितलंत, तर तो सिडको चौकात उतरवणार आणि तिथून तुमची पायपीट सुरू.

कागदावरची नावं वेगळी, तोंडातली वेगळी. ज्याला सगळे सिडको चौक म्हणतात, तो वसंतराव नाईक चौक. पुतळाही नाईकांचाच आहे. पुढे शहराकडे गेलात तर महावीर चौक लागतो. हे नाव विचारलंत तर लोक क्षणभर थांबतील, ‘बाबा पेट्रोल पंप’ म्हणालात तर लगेच बोट दाखवतील. त्याच रस्त्यावरच्या अमरप्रीत चौकाला तर हॉटेलचंच नाव आहे. आपल्याकडे सरकारने ठेवलेल्या नावापेक्षा पंप आणि हॉटेलं जास्त टिकतात.

जुन्या खरेदीखतांत शहराचं नाव औरंगाबाद आणि या भागाचं नाव ‘नवीन औरंगाबाद’ असं दिसेल. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, पण कपाटातले जुने कागद तसेच आहेत. एकाच घराच्या दोन कागदांवर दोन नावं दिसली म्हणून घाबरू नका.

दुसरं : हे गाव कसं झालं ते थोडं समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा आला तरी वाचा. घर बघताना उपयोगी पडतं.

जुनं शहर मलिक अंबरचं. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. आजूबाजूच्या डोंगरांतून नहरी काढल्या, मातीच्या नळांतून पाणी उताराने गावात आणलं. तटबंदी आणि दरवाजे पुढे आले. ते शहर आजही आहे, गुलमंडी, शहागंज, सिटी चौक. सिडको त्या शहराच्या बाहेर, पूर्वेला, शेतांवर उभी राहिली.

सिडको म्हणजे राज्य सरकारचं शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ. ते १९७० मध्ये स्थापन झालं ते मुळात नवी मुंबईसाठी. पण चिकलठाण्याला एमआयडीसी आली होती, कामगार आणि कारकून मंडळींना घरं हवी होती, म्हणून १९७२ मध्ये याच महामंडळाकडे इथलं नवं शहर वसवायचं काम आलं. १९७२ म्हटलं की मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला दुष्काळच आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी नावाचं वाटलेलं कोरडं खाणं, गुरं सोडून द्यावी लागलेली. गावात काही राहिलं नाही म्हणून शहराकडे निघालेल्या घरांची पुढची पिढी इथे आली. पुढे वाळूजला एमआयडीसी झाली, १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला आणि कंपनीच्या बसची वाट बघत पहाटे चौकात उभं राहणं ही इथली रीतच झाली.

मुकुंदवाडीसारख्या गावांच्या शिवारात हे सगळं उभं राहिलं. मुकुंदवाडीचं गावठाण अजून आहे. बाहेर सरळ आखलेले रस्ते आणि आत शिरलं की वाकड्यातिकड्या गल्ल्या, पार, मारुती. नकाशा न बघताही सिडको कुठे संपली आणि गाव कुठे सुरू झालं ते पायांना कळतं.

सिडकोने वीस हजारांहून अधिक घरं बांधली. सगळी एका मापाची नव्हेत. दुर्बल घटकांसाठी एका खोलीची, अल्प उत्पन्न गटासाठी (एलआयजी) थोडी मोठी, मध्यम गटासाठी (एमआयजी) त्याहून मोठी, आणि पैसेवाल्यांसाठी मोकळे भूखंड. ‘आमचं एलआयजी आहे’, ‘त्यांचं एमआयजी’ असं लोक अजून सहज बोलतात, जणू आडनावच. एन-९, एन-११, एन-१२ या भागाला हडको म्हणतात, कारण त्या घरांना पैसा हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेचा होता. कर्ज देणाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी वस्ती दुसरीकडे कुठे असेल तर मला जरूर सांगा.

तिसरं : कोणता ‘एन’ तुमच्या कामाचा

एन-१ मोठ्या भूखंडांचा, बंगल्यांचा, झाडांचा. काळा गणपती तिथलाच. चिकलठाणा एमआयडीसी शेजारी. तिथे शांतता इतकी की डिसेंबर २०१९ मध्ये एका सकाळी बिबट्या फिरताना दिसला. सगळं शहर गच्चीवर चढलं आणि काही तासांनी वनखात्याने त्याला पकडलं. भाडं अर्थातच जास्त.

एन-५ म्हणजे कॅनॉट, गुलमोहर कॉलनी, संत तुकाराम नाट्यगृह. ज्यांना संध्याकाळी खाली उतरून चार माणसं दिसायला हवीत त्यांनी इकडे बघावं. कॅनॉटला पाणीपुरीच्या गाड्यांपासून मोबाइलच्या दुकानांपर्यंत सगळं आहे, पार्किंग सोडून. एन-६ ला एमजीएमचा, म्हणजे महात्मा गांधी मिशनच्या कॉलेजांचा आणि दवाखान्याचा परिसर. त्यामुळे विद्यार्थी आणि दवाखान्यात आलेल्या पेशंटचे नातेवाईक यांची ये-जा कायम. एकट्या मुलीला खोली हवी असेल तर या भागात मिळण्याची शक्यता जास्त.

एन-७, एन-८, एन-९, एन-११ हा खरा मध्यमवर्गी पट्टा. शिक्षक, बँकेतले, एसटीतले, कंपनीतले. एन-८ ला बोटॅनिकल गार्डन आहे, सकाळी चालायला बरं. हडकोत टीव्ही सेंटर चौक म्हणजे भाजी, किराणा, कपडे, क्लासेस, सगळं एका चौकात. एन-१३ च्या पलीकडे हिमायतबाग. तिथलं फळ संशोधन केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठाचं, म्हणून मला उगीचच माहेरी गेल्यासारखं वाटतं.

दक्षिणेचे एन-२, एन-३, एन-४ हायकोर्टाला आणि विमानतळाच्या रस्त्याला जवळ. औरंगाबाद खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झालं. जालना रोडवरच्या त्याच्या इमारतीमुळे एन-३, एन-४ मध्ये वकिलांच्या पाट्या दारोदार.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं : घर नंतर, हौद आधी

घर बघायला गेलात की लोक हॉल बघतात, किचन ओटा बघतात. तुम्ही आधी अंगणातलं लोखंडी झाकण उचला. खाली हौद असेल. तो किती मोठा, त्यात आता पाणी किती, मोटर चालू आहे का, गच्चीवर टाक्या किती. भाडेकरू जास्त आणि हौद एक असेल तर पाणी वाटून कसं घेतात, हे घरमालकाला तोंडावर विचारा. लाजू नका. इथे हा प्रश्न कुणाला उद्धट वाटत नाही.

कारण असं की इथे नळ रोज येत नाहीत. शहराचं पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून, पन्नासेक किलोमीटर चढावर उपसून. बरीच वर्षं ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या जलवाहिन्यांवरच भागत आलं. मध्ये वीज गेली किंवा वाहिनी फुटली की सगळ्या शहराचं वेळापत्रक पुढे ढकललं जातं. २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं आणि पुढे खर्च २,७४० कोटींवर गेला. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, म्हणतात ना, ते आमच्यासाठीच असावं.

म्हणून नव्या माणसाने पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंना दोन गोष्टी विचारायच्या. आपल्या गल्लीत शेवटचे नळ कधी आले होते, आणि किती वाजता. आठवडाभराच्या अंतराने पाणी, तेही रात्री दीडला किंवा पहाटे चारला, असं असू शकतं. सिडकोतलं बरंचसं पाणी एन-५ आणि एन-७ च्या जलकुंभांवरून सुटतं. तुमची गल्ली कुठल्या टाकीवर आहे हे माहीत असलं की पेपरमधली ‘उद्या पाणी नाही’ ची बातमी आपल्यासाठी आहे की नाही ते कळतं. व्हॉल्व्ह उघडायला येणाऱ्या माणसाला इथे लाइनमन म्हणतात. त्याला ‘दादा’ म्हणा आणि उन्हाळ्यात थंड पाणी विचारा. बाकी काही करायची गरज नाही.

नळाला थेट मोटर लावून पाणी ओढतात, त्याला टिल्लू म्हणतात. ते बेकायदा आहे आणि त्यामुळे पुढच्या घराला पाणी पोचत नाही. घरमालक ‘आपल्याकडे टिल्लू आहे, काळजी नको’ असं अभिमानाने सांगेल, तेव्हा शेजाऱ्यांशी त्याचं कसं आहे त्याचा अंदाज घ्या. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरी नेमकं हेच झालं. मालकाचा टिल्लू आणि समोरच्यांचं भांडण, आणि मध्ये बादली घेऊन उभी मी. तीन महिन्यांत घर बदललं.

प्यायला जार आणि वापरायला टँकर हे खर्चात धरा, विशेषतः मार्च ते जून. बोअर असलेलं घर मिळालं तर भाग्य, पण त्याचं पाणी मे महिन्यात टिकतं का ते विचारा.

पाचवं : भिंत कुणाची ते बघा

सिडकोची जुनी घरं रांगेतली, शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच. मूळ घर लहान, मागे-पुढे थोडी मोकळी जागा. पुढच्या चाळीस वर्षांत पोरं मोठी झाली, लग्नं झाली आणि घर वर चढलं. समोरची जागा हॉलमध्ये गेली, मागची किचनमध्ये, वर दोन मजले आले आणि जिना रस्त्यावर. एका गल्लीत उभं राहून नीट बघा, कुठे तरी एखादं घर मूळ रूपात सापडेल, बसकं, कौलाइतक्या उंचीचं, दारात तुळस. बाकी सगळं त्याच्यावर चढलेलं. या भागाचा इतिहास वस्तुसंग्रहालयात शोधू नका, तो असा एकेका मजल्याने वर गेलेला आहे.

भाडेकरूच्या दृष्टीने याचा अर्थ : मधल्या खोलीत उजेड येतो का ते दुपारी जाऊन बघा, भिंतीला ओल आहे का हात लावून बघा आणि शेजारी मिक्सर लावला तर आवाज किती येतो तेही. रस्ता रुंद आखलेला असला तरी दोन्ही बाजूला गाड्या उभ्या असतात. चारचाकी असेल तर रात्री नऊनंतर एकदा फेरी मारा, तेव्हा खरं कळतं.

भाडेकरार नोंदवून घ्या आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, हे कुठल्याही शहरासारखंच. घर विकत घेणार असाल तर एक गोष्ट इथली वेगळी. सिडकोने जमीन भाडेपट्ट्याने दिलेली आहे. त्यामुळे घर नावावर करताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरणाचे पैसे यांचं सध्या काय आहे, ते आधी सिडकोच्या कार्यालयात विचारा. मूळ वाटपपत्रापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी पूर्ण आहे का ते वकिलाला दाखवा. मधल्या कुणीतरी नुसत्या मुखत्यारपत्रावर घर घेतलेलं असतं आणि मग वारस शोधत गावोगाव फिरायची वेळ येते. आमच्या नात्यातल्या एकांनी दोन वर्षं यातच घालवली. जमीन कायमची मालकीची करा, ही मागणी दर निवडणुकीत ऐकू येत आली आहे. नुसत्या ऐकीव गोष्टीच्या भरवशावर इसार देऊ नका.

रस्ते, पाणी, कचरा, घरपट्टी महापालिकेकडे. २००६ मध्ये सिडकोने हे सगळं महापालिकेकडे सोपवलं. म्हणजे तक्रार कुठे करायची हे आधी ठरवा, नाहीतर ‘हे आमच्याकडे नाही’ ऐकत दोन्हीकडे चकरा होतील. मी मारल्या आहेत.

कचऱ्याचं एका ओळीत : ओला आणि सुका वेगळा ठेवा. २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, कित्येक महिने शहरात ढीग साचले. तेव्हापासून घंटागाडीवाला डबा बघून घेतो.

सहावं : येणं-जाणं

जालना रोड हा कणा. सिडको चौकातून हायकोर्ट, सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका, अमरप्रीत, क्रांती चौक अशी शेअर रिक्षा मिळते. बसायच्या आधी दर विचारा आणि सुटे पैसे ठेवा. स्मार्ट सिटी बस २०१९ पासून धावते आहे, बायकांना आणि म्हाताऱ्यांना ती बरी. जालन्याकडे आणि पुढे जायचं असेल तर सिडको बसस्थानकावर जा, मध्यवर्ती स्थानकापर्यंत जायची गरज नाही. हर्सूलवरून अजिंठ्याकडे जाणारा जळगाव रोडही सिडको चौकातूनच सुटतो. मुकुंदवाडीला रेल्वेचं छोटं स्टेशन आहे. थोड्याच गाड्या थांबतात, पण ज्या थांबतात त्यांनी उतरलात तर मुख्य स्टेशनवरून उलटं यावं लागत नाही.

सातवं : शेजार आणि बोली

‘कुठलं गाव?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार. तो चौकशी म्हणून नसतो, नातं लावायला असतो. तुम्ही पुण्याचे असाल तरी तुमच्या आईचं गाव काढतील आणि कुणीतरी तिकडचं निघेलच.

बोलण्यावरून माणसं ओळखता येतात, हा माझा आवडता खेळ. ‘काय करायलीस?’ असं विचारलं की परभणी, बीड, लातूरकडचं. ‘काय करू रायली?’ म्हटलं की इथलं किंवा जालन्याकडचं. रिक्षात आणि बाजारात हिंदी चालते, पण ती पुस्तकातली नव्हे, ‘नक्को’ आणि ‘हौ’वाली दखनी. पुरुषांना ‘सर’ म्हणायची इथे फार सवय आहे. शिक्षक असो वा विमा एजंट, सर. बायकांना काकू किंवा ताई. नावाने हाक समवयस्कालाच.

सकाळी शेजारून वाटी आली आणि त्यात मुरमुऱ्यांचं पोह्यांसारखं काही असलं, तर ती सुशीला. रिकामी वाटी परत करू नका, साखर तरी घाला. थंडीत कुणी हुरड्याला बोलावलं तर जा, गाडीत जागा नसली तरी करून घेतील. चौदा एप्रिलला आणि गणपतीत आवाज मोठा असतो, त्या दिवसांत दुपारची झोप विसरा.

आणि नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला जा. यात्रा छावणीजवळ भरते, सिडकोपासून लांब, पण इथल्या गल्ल्यांतून बायका पहाटे चालत निघतात, काही अनवाणी. पहिल्या वर्षी तुम्हाला कुणी विचारणार नाही. तुम्हीच आदल्या संध्याकाळी शेजारच्या काकूंना ‘उद्या किती वाजता निघायचं?’ असं विचारा. चारला म्हणतील. साडेतीनला तयार राहा आणि त्या रात्री नळ येणार असतील, तर हौदाचं झाकण उघडून ठेवायची जबाबदारी घरी कुणावर तरी टाकून निघा.